जुना डबा, नवा दम

माझा पीसी २०१३ च्या पिढीतला: आय-५ ४५७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-३ रॅम, हार्ड डिस्क. गेम अडखळायला लागला की हात आधी पाकिटाकडे जातो. तो आवरा आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या.

मी बाजूचं झाकण काढलं तर हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धुळीची गोधडी! ब्रशने साफ केली, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. प्रोसेसर तापला की आपणच वेग कमी करतो, म्हणून हे फुकटातलं काम पहिलं.

मग गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघा, कोणता भाग किती राबतोय ते त्यात दिसतं. प्रोसेसर १०० टक्के आणि ग्राफिक्स कार्ड निवांत असेल, तर नवं कार्ड घेऊन काडीचा फरक पडणार नाही. त्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) बसणारा सेकंडहँड आय-७ ४७७० शोधा. कोअर ४ च, पण थ्रेड ८, म्हणजे एकाच वेळी ८ कामं हाताळतो. बोर्डाचं बायोस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) त्याला ओळखतं का, ते आधी तपासा.

रॅमची एकच पट्टी असेल तर जोडी करा, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकदम डेटा जातो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावली तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) फारसे वाढत नाहीत, लोडिंग मात्र झटपट होतं.

ग्राफिक्स कार्डच कमी पडत असेल, तर मात्र ते बदला. माझं घेताना मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तासभर घासाघीस केली. आरएक्स ६४०० हे कार्ड स्वस्तात मिळत होतं, पण ते बोर्डाशी बोलायला फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० बोर्डावर मार खातं. मी ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० घेतलं, वेगळी पॉवर केबल न लागणारं. माझा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बिननावाचा, त्याच्यावर जास्त भार टाकायची छाती झाली नाही.