गाडी वीस मिनिटं थांबते: न्याहारीच्या हॉटेलात गिऱ्हाईक कसं सांभाळावं

मुंबई-गोवा महामार्गावर आमची न्याहारीची तीन हॉटेलं आहेत. एक राजापूरच्या अलीकडे, एक कणकवलीत, एक कुडाळला. तिन्हीकडे पाटी एकच आणि यादीही एकच: घावनं, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, कांदेपोहे, मिसळ, उपमा, बटाटेवडा, चहा. सकाळी साडेपाचला शटर वर, साडेअकराला तवे खाली. अठरा वर्षांपूर्वी मी कणकवलीत गल्ल्यावर बसायला लागले. आता तिन्हीकडे नवीन मुलं-मुली कामाला लागली की त्यांना मीच शिकवते. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. कोकणात कुणाला नाश्त्याचं हॉटेल टाकायचं असेल किंवा घरगुती राहण्याच्या सोयीत पाहुण्यांना न्याहारी द्यायची असेल, तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी तव्याचा हिशोब पाठ करा. बिडाचा तवा चांगला तापलेला असला तरी एका घावनाला अडीच मिनिटं लागतात. पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की उलटायचं. झाकण लवकर काढलं तर मध्ये कच्चं राहतं. आमच्याकडे तवे दोन. म्हणजे वीस मिनिटांत सोळा घावनं, आणि प्लेटीत तीन धरली तर जेमतेम पाच प्लेटी. रात्रभर धावून आलेली मुंबईची बस थांबते वीस मिनिटं आणि उतरतात चाळीस माणसं. त्यातली निम्मी घावनंच मागतात, कारण वर्षभर त्यांनी तीच आठवलेली असतात. हा हिशोब आचाऱ्याला माहीत असून भागत नाही. तो गल्ल्यावरच्या माणसाला तोंडपाठ हवा, कारण ऑर्डर तिथे घेतली जाते.

मला तो हिशोब एका आजींमुळे कळला. गणपतीचा आदला दिवस होता, हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. आजी गल्ल्यापाशी आल्या, घावनांचे पैसे दिले आणि विचारलं, "गो, किती येळ लागात?" मी म्हटलं, "आत्ता येतात आजी, पाच मिनिटं." त्यांच्या पुढे आधीच्या प्लेटी बाकी होत्या. मी मान वर करून तव्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांची प्लेट टेबलावर आली आणि त्याच वेळी ड्रायव्हरने हॉर्न दिला. आजींनी एक घावन घडी घालून तसंच गरम हातरुमालात घेतलं आणि गेल्या. दोन घावनं आणि भरलेली चटणीची वाटी टेबलावर राहिली. पैसे परत द्यायला मी धावत रस्त्यावर गेले तोवर बस सुटली होती.

तेव्हापासून आमच्याकडे "पाच मिनिटं" म्हणायला बंदी आहे. गिऱ्हाईक गल्ल्यावर आलं की पहिला प्रश्न एकच: "बसने आलात की स्वतःच्या गाडीने?" स्वतःच्या गाडीवाल्यांना खरा वेळ सांगा. पंचवीस मिनिटं असतील तर पंचवीसच सांगा. पोरं पाय मोकळे करतात, मोठी माणसं चहा घेतात, कुणी रागावत नाही. बसवाल्यांना सरळ सांगा, "काका, घावनांना आज गाडी थांबणार नाही. पोहे नाहीतर उसळ-पाव आत्ता हातात देते." नाराज होतील, पण पोट भरून चढतील. बस लागली की एका मुलाने ड्रायव्हरला सुटायची वेळ विचारून यायचं आणि तव्यासमोरच्या फळ्यावर खडूने लिहायची. आचारी त्या फळ्याकडे बघून काम करतो. पदार्थ संपला की तोही त्याच फळ्यावर खोडायचा, लगेच. ऑर्डर घेऊन, दहा मिनिटं बसवून मग "संपलं" म्हणणं यासारखा दुसरा अपमान नाही.

पिठाचंही लक्षात ठेवा. तांदळाचं पीठ तळाला बसतं. प्रत्येक घावनाआधी डाव तळापर्यंत फिरवला नाही तर पहिली घावनं कागदासारखी आणि शेवटची भाकरीसारखी होतात. मग एकाच टेबलावर नवऱ्याला एक तऱ्हा, बायकोला दुसरी. ती तक्रार रास्तच असते.

आता संडास-बाथरूमचं. हे मी अवघडून सांगत नाही, कारण बसमधून उतरलेली बाई आधी तिकडेच जाते आणि परत येताना हॉटेलाबद्दलचं मत ठरवून येते. कडी आतून नीट लागली पाहिजे. बल्ब चालू पाहिजे. बादलीत पाणी आणि कोरडी फरशी पाहिजे. आणि दाराच्या आत, खांद्याच्या उंचीवर, पर्स आणि ओढणी अडकवायला एक खुंटी पाहिजे. खुंटीची सूचना राजापूरच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या मावशींनी केली होती. तीस-चाळीस रुपयांचं काम. ती लावल्यापासून किती बायकांनी गल्ल्यावर येऊन मुद्दाम सांगितलं, मी मोजलं नाही, पण दर सुट्टीच्या हंगामात सांगतात. बस येऊन गेली की दर वेळी कुणीतरी आत जाऊन बघून यायचं. सकाळी एकदा धुतलं म्हणजे झालं, असं नाही.

श्रावणात आणि गणपतीत लोक विचारतात, "या तव्यावर अंडं करता का?" आम्ही ऑम्लेट करतो. त्याचा तवा, उलथनं आणि तेलाची वाटी वेगळी आणि बाजूच्या शेगडीवर. ज्याने विचारलं त्याला आत बोलावून दाखवा. एखाद दिवशी चुकून उलथनं बदललं असेल तर तेही सांगा. तो पोहे खाईल किंवा उठून जाईल. पण श्रद्धेने पाळणाऱ्या माणसाला खोटं सांगून खाऊ घालायचं नाही. या बाबतीत मी कुणाला दुसरी संधी देत नाही.

तक्रार आली की वाद न घालता चव घ्या. एका मे महिन्यात दहाच्या सुमाराला एक गृहस्थ म्हणाले, चटणी आंबली. आमचा मुलगा म्हणाला, "लिंबू आहे त्यात." मी चमच्याने घेतली. आंबलेली होती. ओल्या खोबऱ्याची चटणी पहाटे वाटली आणि वर मेचा उकाडा, दुसरं काय होणार. अख्खं भांडं मोरीत ओतलं, आणि बाकीच्या पाच टेबलांवर जाऊन वाट्या स्वतः उचलल्या, कुणी मागितलं नसताना. त्या टेबलांचं घावनांचं बिल घेतलं नाही. आता मार्च ते जून चटणी दोनदा वाटतो, साडेपाचला आणि साडेआठला, आणि पहिली उरली तरी दुसरीत मिसळत नाही.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात. सेवाशुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं बजावलंय, आणि ते लावलं तर गिऱ्हाईक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर बिलावर छापा. पाण्याची बाटली छापील किमतीला द्या. घाटातून आलेल्या माणसाकडून पाण्याचे पाच रुपये जास्त काढणं मला पटत नाही. मोबाइलला रेंज नसली आणि पैसे जात नसले तर माणसाला दारात ताटकळत ठेवू नका. आमचा नंबर लिहून देतो आणि "रेंज आली की पाठवा" म्हणतो. पैसे येतात.

पार्सलसाठी घावनं तव्यावरून सरळ डब्यात भरली तर वाफेने त्यांचा लगदा होतो. सुपात केळीच्या पानावर मिनिटभर सुटी ठेवा, वाफ जाऊ द्या, मग घडी घाला. चटणी वेगळी बांधा. वडे वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई तेलात उतरते, आणि 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमांत त्याला मनाईच आहे. पार्सल हातात देताना चटणी किती वाजेपर्यंत खायची ते तोंडाने सांगा. उन्हाळ्यात आम्ही दोन तास सांगतो.

आणि बस सुटायच्या दोन मिनिटं आधी एका मुलीने सगळ्या टेबलांवरून फिरायचं. कुणाची प्लेट अजून आली नसेल तर तिने तव्याकडे जायचं नाही, गल्ल्याकडे यायचं आणि त्या माणसाचे पैसे घेऊन त्याच्याकडे जायचं. हॉर्न वाजायच्या आत.