कोकणात घराभोवती बाग करताय? आधी या चुका टाळा

शहरातून गावी येऊन घर बांधणाऱ्यांच्या बागा एक-दोन पावसाळ्यांतच फसतात, कारण चित्र आधी ठरतं आणि जागा नंतर बघितली जाते. फोनमध्ये बालीची बाग, पायाखाली जांभ्याचा लाल कातळ! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने आकाश कोरडं. इथे आधी पाण्याची वाट ठरवायची, मग झाडं, आणि कलाकुसर सगळ्यात शेवटी.

अंगणात लॉन

जुलैत चिखल आणि शेवाळ, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसत असताना रोजचं शिंपणं. एवढे लाड कशासाठी? आपल्याकडे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण आहे. पाऊस सरला की माती सारखी करायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. मधे तुळशीवृंदावन, वर झापांचा मांडव. हिरवं हवंच असेल तर कडेने हळद आणि सोनटक्का लावा. हळदीची पानं गणपतीत पातोळ्यांना होतात आणि थंडीत आपणहून वाळतात, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची कटकट नाही.

कातळात खड्डा, खड्ड्यात झाड

सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात. कातळ फोडून हात-दोन हात खोल खड्डा घेतला, माती-शेणखत भरलं, जूनमध्ये कलम लावलं. ऑगस्टात पानं पिवळी पडली की मालक आणखी खत टाकतो. तिथेच घात होतो. फोडलेला जांभा पाणी पिऊन टाकतो असं वाटतं, पण खाली सलग कातळ लागला तर तो खड्डा म्हणजे टाकीच. मुळं त्यात कुजतात. बुंध्यापासून थोडं लांब पहार खुपसून बघा. भोकात पाणी चमकलं, मातीला कुजका वास आला, तर खत बंद. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर फोडा आणि पाणी बाहेर काढा. नवीन खड्डा असेल तर मे महिन्यातच तो पाण्याने काठोकाठ भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर आधी चर, मग झाड. रोप जमिनीच्या वर, मातीच्या उंचवट्यावर लावा. पावसाळ्यात बुंध्याशी भर, दिवाळीनंतर आळं, हा इथला क्रम.

पिवळेपणा वेगळा, करपणं वेगळं. समुद्राकडच्या बाजूचीच पानं कडेने भाजल्यासारखी दिसत असतील तर तो खारा वारा आहे. उंडी, भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे), केवडा, नारळ समुद्राच्या बाजूला पुढे. सोनचाफा आणि अनंत घराच्या आडोशाला. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा झाडांना घालण्याआधी जिभेवर घेऊन बघा.

गडग्याला सिमेंट

गडगा, म्हणजे सुट्या दगडांची रचलेली भिंत, कच्चा दिसतो म्हणून त्याला गिलावा करतात. सुट्या दगडांच्या फटींतून पाणी जातं म्हणूनच गडगा टिकतो, हे लक्षात येत नाही. फटी बुजल्या की मागच्या मातीतलं पाणी अडतं, भिंत पोट काढते आणि एखाद्या झडीच्या रात्री आडवी होते. भिंतीला फुगवटा आला असेल तर तळाशी पाइप घालून पाण्याला वाट द्या. त्यानेही भागलं नाही तर तेवढा भाग उतरवून पुन्हा सुटा रचून घ्या. गावात अजून गडगा घालणारी माणसं आहेत, त्यांना बोलवा. फटींत नेचे आपोआप येतात.

सड्यावर माती

प्लॉटमध्ये सडा, म्हणजे उघडा कातळ असला की लोकांना तो उजाड वाटतो. ट्रकभर लाल माती ओततात, गुलमोहर लावतात. थांबा. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर गेंद, कवळा आणि सीतेची आसवं फुलतात. सीतेची आसवं निकस, ओल्या जागीच जगतात. बारीक जीव पकडून पोषण मिळवतात. माती आणि खत पडलं की गवत माजतं, फुलं संपतात. तेवढा तुकडा तसाच ठेवा, त्यावर गाडी लावू नका.

वारसा म्हणून काहीही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि बागेत हत्ती-मासे कोरून घ्यायची हौस वाढली. हौस चांगली आहे, पण घरचा चिरा (जांभ्याचा घडवलेला दगड) घ्या. सड्यावरचा कातळ फोडून आणू नका, देवराईतला किंवा देवळाच्या आवारातला वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड) तर मुळीच नाही. जांभा सच्छिद्र, त्यात नक्षी धरत नाही; कातळशिल्पांसारखी ठसठशीत रेघच शोभते. त्यावर ऑइलपेंट मारू नका, आतल्या ओलीने एका पावसात पोपडे धरतात. रंग हवाच तर चुना, आणि तो दरवर्षी नव्याने लावायची तयारी.

पिंगुळीच्या चित्रकथीवरून (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) काढलेली चित्रं किंवा जुन्या घराचा कोरीव दरवाजा पडवीतच ठेवा. बागेत ‘कमान’ म्हणून उभा केलेला दरवाजा खालून वाळवी खाते आणि वरून पाऊस. बाहेर ठेवणारच असाल तर तो जमिनीपासून वीतभर वर, चिऱ्यावर टेकवा आणि डोक्यावर कौलांची पाखी काढा.

नारळाबद्दल थोडंच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर माड-पोफळी कशा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, तरी फोटोसाठी माड छपराला खेटून लावले जातात. दोन माडांत साडेसात मीटर अंतर, घरापासूनही निदान तेवढंच. शेणखताचा ढीग माडाजवळ नको, गेंड्या भुंगा त्यातच वाढतो. नव्या झावळ्या त्रिकोणी कातरल्यासारख्या उघडू लागल्या की आधी तो ढीग उकरा, सापडतील त्या पांढऱ्या जाड अळ्या मारा, मग शेंड्याकडे बघा.