गवताच्या धावपट्टीवरून टायगर मॉथ आणि चिपमंक उडवताना

डी हॅविलँड टायगर मॉथ हे प्रशिक्षण विमान 1931 साली पहिल्यांदा उडाले, तेव्हा ब्रिटनमधील बहुतेक लष्करी प्रशिक्षण तळांवर डांबरी धावपट्टी नव्हतीच. चहूबाजूंनी मोकळे असलेले गवताचे मैदान असे आणि वारा ज्या दिशेने येई त्या दिशेला तोंड करून विमान उडे. म्हणूनच या विमानाला ब्रेक नाहीत आणि शेपटाखाली चाकाऐवजी टेलस्किड आहे. गवतात रुतत घासत जाणारी ही टेलस्किड हाच त्याचा ब्रेक. डांबरावर ती झिजते आणि विमान थांबवण्याच्या कामी फारशी येत नाही. 1946 मध्ये आलेल्या चिपमंकला ब्रेक आणि शेपूटचाक मिळाले, तरी गवतावर उतरण्याची शिस्त बदलली नाही. गुडवुड किंवा ओल्ड वॉर्डनसारख्या इंग्लंडमधील मैदानांवर ही जुनी प्रशिक्षण विमाने आजही उडतात आणि पुढील सूचना तेथे उडवू पाहणाऱ्या परवानाधारकांसाठी आहेत. विमानाची पुस्तिका आणि प्रशिक्षकाचा शब्द यांना अर्थातच अग्रक्रम आहे.

पहिले काम विमानाजवळ नव्हे, धावपट्टीवर असते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहावी. गवताची उंची चाकाच्या व्यासाच्या तीस टक्क्यांहून अधिक असेल तर उड्डाण टाळावे. बुटाची टाच जोर देऊन मातीत दाबावी. ती सहज रुतत असेल तर चाकही रुतणार. सशांची बिळे, चिचुंदरीने उकरलेले ढिगारे, निचऱ्याची खचलेली चरी आणि मेंढ्या वरून क्वचितच दिसतात. सकाळी दव पडलेले आखूड हिरवे गवत दिसायला सर्वांत देखणे आणि थांबायला सर्वांत वाईट, हे विशेष लक्षात ठेवावे.

त्यानंतर हिशेब करावा. पुस्तिकेतील अंतरे साधारणपणे कोरड्या, कठीण पृष्ठभागासाठी असतात. ब्रिटिश नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार, जमीन घट्ट असेल तर कोरड्या गवतासाठी उड्डाणाचे अंतर 1.2 ने आणि ओल्या गवतासाठी 1.3 ने गुणतात. उतरताना हेच आकडे 1.15 आणि 1.35 होतात, तर अगदी आखूड ओल्या गवतावर 1.6 पर्यंत जातात. उड्डाणाच्या दिशेने दोन टक्के चढ असेल तर त्यासाठी 1.1 आणि शेवटी सुरक्षिततेसाठी उड्डाणाला 1.33, उतरण्याला 1.43. हे गुणक बेरजेचे नाहीत, एकमेकांना गुणायचे आहेत. उदाहरणार्थ, पुस्तिकेत उड्डाणाचे अंतर 400 मीटर असेल तर ओले गवत, दोन टक्के चढ आणि सुरक्षितता धरून ते सुमारे 760 मीटर होते. धावपट्टी 700 मीटरची असेल तर त्या दिवशी चहा प्यावा आणि गवत वाळण्याची वाट पाहावी.

टायगर मॉथ सुरू करताना प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो आणि ओल्या गवतावर खरा धोका इथेच आहे. चाकांना चॉक (चाक अडवणारे ठोकळे) लावलेले असावेत, कॉकपिटमध्ये जाणकार व्यक्ती बसलेली असावी आणि प्रोपेलर फिरवणाऱ्याने पाय टाकण्याची जागा आधी तपासून घ्यावी. ती निसरडी असेल तर विमान ढकलून कोरड्या जागी न्यावे. पाते खाली ओढताना शरीराचा तोल पात्यापासून दूर, मागे जायला हवा. गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी हे काम कधीही करू नये. ‘कॉन्टॅक्ट’ (म्हणजे इग्निशन चालू) हा शब्द दोघांनीही मोठ्याने उच्चारल्याखेरीज पात्याला हात लावायचा नाही.

टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेताना, नाकापुढचे काहीच दिसत नसल्याने नागमोडी वळणे घेत जावे. जमीन मऊ असेल तर मध्ये थांबू नये, कारण थांबलेले विमान पुन्हा हलवायला बरीच शक्ती लागते आणि त्या झटक्यात शेपूट उचलले जाऊ शकते. चिपमंकमध्ये ब्रेकचा हातदांडा टॅक्सीसाठी काही खाचा ओढून ठेवतात. उड्डाणापूर्वी आणि उतरण्यापूर्वी तो पूर्ण सुटल्याची खात्री करावी, अन्यथा जोराने रडर (विमान वळवणारे पायाचे पेडल) दाबताच एका बाजूचा ब्रेक लागेल.

उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) सावकाश पुढे न्यावा. अमेरिकन इंजिनांची सवय असलेल्यांची इथे हमखास गल्लत होते: दोन्ही विमानांतील जिप्सी मेजर इंजिन उलट दिशेने फिरते, त्यामुळे नाक उजवीकडे ओढले जाते आणि डावा रडर लागतो. हार्वर्ड या अमेरिकन प्रशिक्षण विमानावर नेमके याच्या उलट. शेपूट उचलावे, पण फार उंच नको; खड्ड्यात चाक गेले तर प्रोपेलर गवताला लागेल. उंचवट्यावरून विमान वेळेआधी हवेत फेकले गेले तर घाबरून वर खेचू नये, जमिनीलगत सपाट धरून वेग वाढू द्यावा. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल, तर थ्रॉटल बंद करावा. हा निर्णय जमिनीवरच ठरवून निघावे, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ मिळत नाही.

उतरताना तीन बिंदूंवर, म्हणजे मुख्य चाके आणि शेपूट एकाच वेळी टेकवून उतरावे आणि स्टिक (विमानाचा नियंत्रण दांडा) पोटाशी धरून ठेवावी. ओल्या गवतावर चिपमंकचा ब्रेक जोरात लावल्यास चाक अडकून घसरते आणि ते पुढे मऊ जागेत सापडले तर विमान नाकावर जाते. वारा आडवा असेल तर विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय रडरवरून काढू नये, कारण वेग उतरत असतानाच गिरकी घेण्याची शक्यता अधिक असते.

विमान उभे केल्यावर पंखांचा खालचा भाग, चिपमंकचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) आणि हवा आत घेणारी जाळी पाहावी. चाकांत गुंडाळलेले गवत तेव्हाच काढावे. वाळल्यावर ते दोरीसारखे आवळते.