मुलींच्या गटाला समाजसेवेची गोडी कशी लावावी

ठाण्यात आमच्या सोसायटीत दर रविवारी मुलींचा गट जमतो. नऊ ते तेरा वयाच्या पंधराएक जणी. पहिल्या वर्षी आमचं काय चुकलं ते आधी सांगते. एका वृद्धाश्रमात आम्ही फळं वाटली, दोन गाणी म्हटली, फोटो काढले. निघताना एका आजींनी आमच्यातल्या धाकटीचा हात धरला, "परत कधी येशील गं?" ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी काय सांगणार? पुढच्या रविवारी चित्रकला स्पर्धा ठरली होती.

म्हणून काम लहान घ्या, पण पुन्हा पुन्हा करता येईल असं घ्या. त्या आजींकडे आता महिन्यातून एकदा जातो. फळं नेत नाही, पत्त्यांचा कॅट नेतो. मेंढीकोटात आजी सर्रास लबाडी करतात.

काम शोधायचं कसं? मुलींना वही-पेन्सिल द्या आणि तासभर आपल्याच गल्लीत फिरवा. कोणाचं काय अडतंय, एवढंच टिपायचं. आमच्या यादीत वॉचमनकाकांची उन्हात तापणारी पाण्याची बाटली होती आणि तळमजल्यावरच्या आजोबांना न दिसणारी पेपरातली बारीक अक्षरंही. त्यातलं एकच काम मुलींनी हात वर करून निवडायचं. तुमच्या आवडीचं मागे पडलं तर पडू द्या.

मग ज्याच्यासाठी करायचं, त्यालाच विचारायला मुलींना पाठवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आजोबांना पेपर वाचून हवा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पेपर ते भिंगाने वाचत होतेच. त्यांना शिकायचं होतं नातवाला मोबाइलवर आवाजात निरोप पाठवायला!

कामाची वाटणी जपून करा. पाहुण्यांना पाणी दे, ताटं उचल, हे मुलींनी घरी खूप ऐकलेलं असतं, आणि तेव्हा भाऊ खाली क्रिकेट खेळत असतो. गटातही झाडू आणि चहाच वाट्याला आला, तर सेवा म्हणजे घरकामाचंच दुसरं नाव, असं त्या धरून चालतील. हिशोब ठेवणं, वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिणं, सेक्रेटरींशी बोलणं हेही त्यांना द्या. सावित्रीबाईंची गोष्ट सांगताना शाळेपाशी थांबू नका. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या रुग्णांना डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात पोचवत होत्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. हे ऐकल्यावर मुली बराच वेळ प्रश्न विचारतात.

आमच्या शहरात शिकवायला सर्वांत सोपं काम म्हणजे गणपतीतलं निर्माल्य. विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य वेगळं गोळा करतात, तिथे आधी परवानगी घ्या. घरच्यांची लेखी संमती, रबरी हातमोजे, पायात बूट, दोघी-दोघींच्या जोड्या आणि दिवेलागणीला घरी. पाण्याजवळ मुलींना जाऊ द्यायचं नाही, ते मोठ्यांचं काम. फुलं, पत्री, दूर्वा खतासाठी एकीकडे. पिशव्या, थर्माकोल, अगरबत्तीची पाकिटं दुसरीकडे. आमची एक दहा वर्षांची मुलगी दूर्वांच्या प्रत्येक जुडीचा रबरबँड सोडवत बसली. तासाभरात तिच्या मनगटावर रबरबँडांचं कडं झालं. पुढच्या वर्षी बाजारात आईला म्हणाली, "दोऱ्याने बांधलेली जुडी माग."

काम झालं की लगेच पांगू नका. भेळ खात दहा मिनिटं बसा. आज काय अवघड गेलं, पुढच्या वेळी काय बदलू, एवढं विचारा. आधी "मज्जा आली" एवढंच उत्तर येईल. गप्प बसा, तिसऱ्या घासाला कोणीतरी खरं बोलतं.

प्रशस्तिपत्रक मात्र वर्षभर तरी देऊ नका. एकदा दिलंत की पुढच्या खेपेला पहिला प्रश्न त्याचाच येतो. स्काउट-गाइडमध्ये रोजच्या सत्कृत्याची आठवण म्हणून स्कार्फला गाठ मारायची जुनी रीत आहे. ती आम्ही रुमालावर आणली: सकाळी गाठ मारायची, काम झालं की सोडायची, कोणाला सांगायचं नाही. पहिल्याच आठवड्यात चौघींनी ती इतकी घट्ट मारली, की आयांना दात लावून सोडवावी लागली.