रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतोय? मिस्त्रीकडे परत जायच्या आधी एवढं बघून घ्या

भाऊ, काम करून आणलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप पहिल्यापेक्षा जड लागतोय किंवा मधेच अडकतोय, तर लगेच जळगाव गाठू नका, आधी घरी अर्धा तास द्या. सगळ्यात पहिले राउंड काढून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, सिलिंडरची सहाही चेंबर (राउंड बसायची भोकं) डोळ्याने बघा, बोट लावून बघा, आणि आता जे काही कराल ते नळी सेफ दिशेला ठेवून, स्नॅप कॅप (सरावाचे नकली राउंड) टाकूनच.

मग मार्करने चेंबरांना १ ते ६ नंबर टाका आणि सावकाश चाप ओढत जा. दरवेळी एकाच नंबरला जड लागत असेल तर भानगड सिलिंडरकडे आहे, सहाही नंबरला सारखंच जड असेल तर स्प्रिंग नाहीतर आतलं काम. माझी २ नंबरलाच अडकायची, मी मिस्त्रीवर चिडून चोपड्याहून जळगावला गेलो आणि निघालं काय, तर रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळालेल्या दारूचे दोन कण, टूथब्रशने साफ केलं की मोकळी. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि वर जास्तीचं तेल, त्याचा चिखलच होतो, म्हणून तेल थेंबभरच.

मुठीच्या फळ्या बदलल्या असतील तर त्या काढून एकदा ओढून बघा, आतून स्प्रिंगला घासत असतील तर लगेच फरक कळतो. चाप हळूहळू सोडा, तो आपोआप पूर्ण पुढे यायलाच पाहिजे. आणि हे तर चुकवूच नका, घोडा (हॅमर) मागे ओढून ठेवा, चापाला बोट न लावता अंगठ्याने मागून हलकंसं दाबा, घोडा पडला तर ते हत्यार धोकादायक आहे, तिथेच थांबा, राउंड भरायचाच नाही.

चापाला लगेज काटा अडकवून दहा वेळा ओढा आणि सरासरी लिहा. डबल ॲक्शनला (घोडा आधी न ओढता नुसत्या चापाने) साधारण साडेचार ते साडेपाच किलो नॉर्मल आहे, मऊ करायच्या नादात घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग फार हलकी केली की काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर ठोका उथळ बसतो आणि मिसफायर होतात. ते रेंजवरच कळणार, शेतात फायर करून बघू नका, आणि मिसफायर झाला तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा.

स्प्रिंग कापणं, कानस मारणं हे घरी अजिबात नाही. ओरिजिनल लायसन, रिपेरिंगची पावती सोबत घ्या, दुकान लायसनवालंच पाहिजे. रावेरवाल्यांना मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ पडतं, पण लायसन महाराष्ट्रापुरतंच असेल तर हत्यार घेऊन बॉर्डर ओलांडायची नाही. आणि मिस्त्रीला नुसतं "जड लागतंय" सांगू नका, कुठल्या नंबरला, किती किलोला, सिंगलला (घोडा आधी ओढून) का डबलला, तो कागदच हातात द्या.