मुंबई, उपनगरं, पुणे: राजकीय कल मोजायची रीत

२०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर भाजपने ३,५७,६०८ मतांनी जिंकली. तिला खेटून असलेली मुंबई उत्तर पश्चिम शिंदे यांच्या शिवसेनेने जिंकली, ती ४८ मतांनी. दोन्ही उपनगरं, दोन्हीकडे महायुती, आणि निकालाच्या नकाशावर दोन्हींना एकच रंग. त्या रंगावरून ‘उपनगरांचा कल’ सांगणं म्हणजे बोरिवली आणि जोगेश्वरी एकाच तागडीत टाकणं. कल मोजायचा तर जागा मोजून चालत नाही, मतं मोजावी लागतात, आणि तीही खालून, मतदान केंद्रापासून.

सुरुवात हद्दीपासून करा. बहुतेक तुलना इथेच बिघडतात. मुंबईत विधानसभेच्या ३६ जागा आहेत: शहर जिल्ह्यात १०, उपनगर जिल्ह्यात २६. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ होती आणि उपनगर जिल्ह्याची ९३,५६,९६२, म्हणजे तिपटीहून जास्त. लोकसभेच्या सहा जागा मात्र या जिल्हारेषेला जुमानत नाहीत. मुंबई दक्षिण मध्यमध्ये धारावी, सायन कोळीवाडा, वडाळा, माहीम हे शहरातले मतदारसंघ आहेत, तर अणुशक्तीनगर आणि चेंबूर उपनगरातले. म्हणून ‘शहर विरुद्ध उपनगर’ असा हिशेब करताना लोकसभेचा मतदारसंघ हे एकक घेऊच नका. विधानसभा क्षेत्र घ्या. लोकसभेच्या निकालातही क्षेत्रनिहाय आकडे मिळतात.

महापालिकेबाहेरच्या उपनगरांत हाच घोळ आणखी वाढतो. पनवेल रोजच्या व्यवहारात मुंबईला जोडलेलं, पण लोकसभेला ते मावळमध्ये, पिंपरी आणि चिंचवडच्या सोबत. मावळचा निकाल ‘मुंबईचं उपनगर’ म्हणून घेतलात तर बरंचसं पिंपरी-चिंचवड तुमच्या मुंबईत येतं. मुंब्रा-कळवा ठाणे शहरात, पण मतदान कल्याण लोकसभेसाठी. पुण्याशी तुलना करायची तर तिथेही तसंच: हडपसर शिरूरमध्ये आणि खडकवासला बारामतीत. नुसती पुणे लोकसभा घेतली तर वाढत्या पुण्याचा मोठा भाग निसटतो. म्हणून आधी एका कागदावर क्षेत्रांची यादी करा: गाभा, पालिकेतली उपनगरं, पालिकेबाहेरची उपनगरं. एकदा केलेली यादी निकाल पाहून बदलायची नाही.

किती मागे जायचं? २००९ च्या मागे नाही. त्या वर्षीच्या निवडणुका नव्या मतदारसंघ रचनेवर झाल्या आणि मुंबई शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या. जुन्या आणि नव्या मतदारसंघांची नावं सारखी दिसली तरी आतली वस्ती वेगळी आहे.

त्याहून अवघड प्रश्न कुणाची मतं कुणाच्या खात्यात टाकायची हा. २०१४ च्या विधानसभेत आणि २०१७ च्या मुंबई महापालिकेत शिवसेना आणि भाजप वेगळे लढले. पालिकेत सेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. या दोन निवडणुका सोन्यासारख्या आहेत, कारण युतीखाली झाकलेली दोन्ही पक्षांची स्वतःची मतं तिथे उघडी दिसतात. २०१९ ला दोघे एकत्र लढले, मग सेना महाविकास आघाडीत (मविआ) गेली, २०२२ ला सेना फुटली आणि २०२३ ला राष्ट्रवादी. त्यामुळे २०१९ चं सेनेचं मत आज ‘ठाकरेंचं’ की ‘शिंद्यांचं’ हे कोणत्याही सूत्राने ठरत नाही. अर्धं-अर्धं वाटू नका. तो रकाना ‘एकत्रित शिवसेना’ म्हणूनच ठेवा. मनसेचंही तसंच: २०२४ च्या लोकसभेत तिने महायुतीला बिनशर्त पाठिंबा दिला, विधानसभेत स्वतंत्र लढली. माहीमला तिरंगी लढत झाली आणि ठाकरे यांची शिवसेना १,३१६ मतांनी जिंकली. तिथला लोकसभेचा आणि विधानसभेचा टक्का शेजारी ठेवून ‘कल बदलला’ म्हणणं चूक आहे. मतदारापुढचे पर्यायच बदलले होते.

पोटनिवडणुका सरळ वगळा. २०२२ ला अंधेरी पूर्वेत भाजपने उमेदवार मागे घेतला आणि ‘नोटा’ (यापैकी कोणीही नाही) १२,८०६ मतांनी दुसऱ्या क्रमांकावर आला. कसबा पेठ २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडे गेली आणि २०२४ ला परत भाजपकडे आली.

आता आकडे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा क्षेत्राचा फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा तक्ता, असतो. एक ओळ म्हणजे एक मतदान केंद्र, आणि मुंबईत एका क्षेत्राला अशा ओळी साधारण तीनशेच्या आसपास. बऱ्याच फाइली स्कॅन केलेल्या असतात. त्यातून आकडे काढताना ३ चा ८ आणि १ चा ७ होतो, म्हणून दोन्हीकडून बेरीज जुळवा: आडवी बेरीज ‘एकूण वैध मतां’शी आणि उभी बेरीज पानाखालच्या आकड्याशी. एक जरी ओळ जुळली नाही तरी पुढे जाऊ नका. उमेदवारांचे रकाने दर निवडणुकीत वेगळ्या क्रमाने येतात: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या अक्षरानुसार. मागच्या वेळचा साचा तसाच वापरला की एका पक्षाची मतं शांतपणे दुसऱ्याच्या नावावर जातात. आम्हाला सगळ्यात जास्त भीती याच चुकीची वाटते, कारण तिथे बेरीज बरोबरच येते.

टपाली मतांची ओळ शेवटी, वेगळी असते. ती गाळावीशी वाटते. उत्तर पश्चिमचंच पाहा: मतदान यंत्रांच्या मोजणीत ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतं १,५०१ आणि १,५५०. ती मिळवल्यावर वायकर ४८ ने जिंकले. वस्तीचा कल काढताना टपाली मतं बाजूला ठेवा, कारण ती कुठल्याच केंद्राची नसतात. एकूण निकाल सांगताना मात्र धरा, आणि कुठे काय केलं ते तक्त्याखाली लिहा.

एक ओळ प्रत्यक्ष सोडवू. आकडे कल्पित आहेत: महायुती ३९५, मविआ ३१०, इतर ४३, नोटा १२. नोटा वैध मतांत धरत नाहीत, म्हणून भाजक ७४८, ७६० नव्हे. आघाडी ८५ मतांची, म्हणजे ११.४ टक्के. हा अजून कल नाही. त्याच निवडणुकीत राज्यभर महायुती समजा ५ टक्क्यांनी पुढे असेल, तर या केंद्राचा कल महायुतीकडे ६.४. ही वजाबाकी सोडू नका. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या सहापैकी चार जागा मविआने घेतल्या, आणि नोव्हेंबरात ३६ पैकी २२ महायुतीने. सहा महिन्यांत मुंबई उलटली असं वाटतं. पण त्याच काळात राज्यातही मविआ ४८ पैकी ३० खासदारांवरून खाली आली आणि महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी २८८ पैकी २३० जागा घेतल्या. राज्यभरची लाट वजा केल्यावर जे उरतं तेच मुंबईचं. पुण्याशी तुलना करायला हाच समान शून्य लागतो.

केंद्रांवरून वस्तीकडे जाताना टक्क्यांची सरासरी काढू नका. आधी मतं मिळवा, मग टक्का काढा. नाहीतर ३०० मतांचं केंद्र आणि १,००० मतांचं केंद्र सारखंच वजन घेतात. केंद्रांचे क्रमांकही दर निवडणुकीत हलतात, म्हणून केंद्रांच्या यादीतून शाळेचं किंवा इमारतीचं नाव घेऊन गट करा. एका शाळेतली सात-आठ केंद्रं मिळून जो आकडा येतो तो टिकाऊ असतो.

सरासरीसोबत पसाराही द्या, म्हणजे सगळ्यात टोकाच्या दोन भागांतलं अंतर. दक्षिण मुंबईत मलबार हिल १९९५ पासून भाजपच्या मंगल प्रभात लोढा यांच्याकडे आणि शेजारची मुंबादेवी २००९ पासून काँग्रेसच्या अमीन पटेल यांच्याकडे आहे. ईशान्य मुंबईत २०२४ ला मुलुंडने भाजपला मोठी आघाडी दिली आणि मानखुर्द शिवाजीनगरने ती पुसून टाकली. अशा ठिकाणी सरासरी शून्याजवळ येते. त्याला ‘समतोल’ म्हणू नका, तिथे दोन ठाम कल एकमेकांना कापतात.

महापालिकेचे आकडे वापरणार असाल तर एक सापळा ध्यानात ठेवा. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, तर २०१७ ला पुण्यात आणि ठाण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते: अ, ब, क, ड. तिथला मतदार चार मतं देतो. चारही जागांची मतं मिळवली तर पुण्यात मुंबईपेक्षा कितीतरी जास्त मतदान झाल्याचा भास होतो. प्रत्येक जागेचा टक्का वेगळा काढा आणि ज्या जागांवर पक्षाचा उमेदवार होता तेवढ्याच धरा.

आणि दहा केंद्रांपेक्षा लहान भागाचा आकडा प्रसिद्ध करू नका. एका केंद्रावर पाचसातशे माणसं मत देतात. अमुक चाळ, अमुक सोसायटी, अमुक गल्ली अशी नावं छापली की त्या लोकांवर शिक्का बसतो, आणि पुढचे पाण्याचे, गटाराचे, पुनर्विकासाचे अर्ज घेऊन त्यांना त्याच राजकारण्यांच्या दारात उभं राहायचं असतं.