थीम पार्कचं बजेट: आधी मुलांची वयं बघा

परदेशातल्या थीम पार्कच्या सहलीचा हिशोब बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून मांडतात. माझ्या मते सुरुवात मुलांच्या वयापासून करावी. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ३ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण १० वर्षं पूर्ण झाली की थेट मोठ्यांचा दर. टोकियो डिस्नेलँडमध्ये ४ ते ११ वयापर्यंत लहान मुलांचाच दर चालतो. म्हणजे अकरा वर्षांचं तेच मूल एका ठिकाणी मोठं, दुसऱ्या ठिकाणी लहान!

मग तारखा. दोन्हीकडे दर दिवसागणिक बदलतात, त्यामुळे स्थानिक सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळता आले तर जरूर टाळा.

रांग टाळायचा पास वेगळा आणि माणशी विकत घ्यावा लागतो. चौघांच्या कुटुंबात हा आकडा झपाट्याने फुगतो, म्हणून तो ‘किरकोळ खर्चा’त ढकलू नका, बजेटमध्ये स्वतंत्र लिहा. मुलांना खरोखर हव्या असलेल्या एक-दोन राइड्सपुरताच घेतलात तरी चालतं.

आणि तिथे कार्ड वापरताना मशीनने चलन विचारलं तर स्थानिकच निवडा. आपल्या चलनात पैसे भरले तर बहुतेक वेळा विनिमय दर महाग पडतो.